जखमी हरणाचा धनी कोण?

पवनारच्या शिवारात, धाम नदीच्या अंगाच्या एखाद्या वावरात पहाटे लंगडत आलेलं चितळ दिसलं, तर त्याच्यावर हक्क कुणाचा? ज्याच्या धुऱ्याच्या आत ते पडलं त्याचा? ज्याने जखम केली त्याचा? आधी पाहणाऱ्याचा, की खांद्यावर टाकून घरी नेणाऱ्याचा? आजच्या कायद्याचं उत्तर छोटं आहे. यांच्यापैकी कुणाचाच नाही. ते जनावर सरकारचं. हे उत्तर मात्र अगदी अलीकडचं आहे. त्याआधी किमान दोन हजार वर्षं स्मृतिकार, राजे, ऋषी, रोमन वकील, गोरे साहेब आणि गावचे हाकेकरी या एका प्रश्नावर भांडत आले. त्या भांडणातले दोन-तीन पदर पवनारलाच येऊन मिळतात.

पवनार आज विनोबांमुळे ओळखलं जातं. 1938 साली प्रकृती ढासळलेले विनोबा इथे जमनालाल बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात राहायला आले आणि परंधाम आश्रम उभा राहिला. 1959 मध्ये तिथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुनी शिल्पं निघाली. त्यातल्या एका पटाला विनोबांनी भरत-राम भेट मानलं आणि त्याची प्रतिष्ठापना केली. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मत मांडलं. या शिल्पपटांमध्ये त्यांना रामकथेतले प्रसंग दिसले आणि ते पाचव्या शतकातल्या राममंदिराचे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे 1967 मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं. प्रवरपूर म्हणजे पवनार की रामटेकजवळचं मनसर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शिल्पपटांतले प्रसंग नेमके कोणते, यावरही नाही.

मिराशींनी ओळखलेल्या प्रसंगांत वाली-सुग्रीवाचं द्वंद्व आणि वालीवध हे दोन आहेत. वालीवध ही शिकारीच्या रीतीवरची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली उलटतपासणी आहे. बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो: मी दुसऱ्याशी लढत असताना तू आडून बाण मारलास, हा कुठला धर्म? आणि मला मारून तुझ्या हाती लागलं काय? माझं कातडं वापरता येत नाही, हाडं उपयोगी नाहीत, पंचनखी प्राण्यांत खाण्याजोगे म्हणून जे पाच सांगितले त्यात वानर नाही. रामाच्या उत्तरात बऱ्याच गोष्टी आहेत, पण त्यातला एक मुद्दा निव्वळ शिकाऱ्याचा आहे. माणसं जनावरांना फासे लावून, जाळी टाकून, लपून, पाठमोरी असतानाही मारतात. त्यात दोष मानत नाहीत. आणि तू शाखामृग आहेस. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडातला हा वाद वाचला की एक गोष्ट लक्षात येते. मारण्याची रीत काय, मारलेलं वापरायचं की नाही, आणि सावज कुणाला म्हणायचं, हे तिन्ही प्रश्न तेव्हाही एकाच गाठीत बांधलेले होते.

हक्काचा सरळ निवाडा मात्र मनुस्मृतीत आहे. नवव्या अध्यायातला 44 वा श्लोक सांगतो की शेत त्याचं, ज्याने झाडझाडोरा तोडून जमीन मोकळी केली. आणि मृग त्याचा, ज्याचं शल्य त्याच्या अंगात आधी रुतलं. त्याच्या आधीच्या श्लोकात दुसऱ्या नेमबाजाचाही हिशेब चुकता केलेला आहे. आधीच विद्ध झालेल्या मृगावर मागाहून सोडलेला बाण वाया गेला, असं समजायचं. लक्षात घ्यायची बाब अशी की स्मृतिकार इथे शिकारीबद्दल बोलतच नाही. मूल जन्मदात्याचं की स्त्रीच्या नवऱ्याचं, हा त्याचा विषय आहे आणि स्त्रीला तो शेताच्या जागी ठेवतो. तिच्यावरच्या मालकीचा दावा पक्का करायला त्याने शिकाऱ्यांचा नियम दाखला म्हणून आणला. याचा अर्थ तो नियम तेव्हा कुणाला पटवून द्यावा लागत नव्हता. लोकांत तो रुळलेला होता.

त्याच ग्रंथात आठव्या अध्यायात, योगायोगाने तिथेही 44 व्याच श्लोकात, जखमी हरीण पुन्हा भेटतं. शिकारी जसा सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून मृगाचा माग काढतो, तसा राजाने अनुमानाने न्यायाचा माग काढावा, असं तिथे सांगितलं आहे. एका श्लोकात हक्क आहे आणि दुसऱ्यात मागावर जाणं आहे. खऱ्या शिकारीत या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत. बाण लागलेलं हरीण जागीच कोसळलं तर वाद उद्भवतच नाही. ते पळतं, झाडीत शिरतं, मैल-दोन मैलांवर दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन पडतं, तेव्हा वाद सुरू होतो. मागावर चिकाटीने जाणाऱ्याचा हक्क टिकायचा. माग सोडणाऱ्याने हक्कही सोडला, असं बहुतेक ठिकाणी मानलं गेलं.

महाभारतात या वादातून दोन मोठी प्रकरणं घडतात. वनपर्वात एकाच रानडुकरावर अर्जुन आणि किरात दोघांचे बाण एकाच वेळी लागतात. अर्जुन किराताला थेट सांगतो की तू वागलास ती मृगयेची रीत नव्हे. मी नेम धरलेल्या जनावरावर तू बाण टाकलास. किराताचं म्हणणं, नेम आधी मी धरला होता. पहिला नेम, पहिला बाण की पहिली जखम, यातलं नेमकं काय मोजायचं, हाच पेच. निकाल युद्धाने लागतो आणि किरात म्हणजे साक्षात शंकर निघतो. भारवीने या प्रसंगावर अख्खं महाकाव्य रचलं.

दुसरं प्रकरण परीक्षिताचं. त्याच्या बाणाने विद्ध झालेलं हरीण पळालं. त्याच्या हातून लागलेलं सावज कधी जिवंत सुटलं नव्हतं, म्हणून तो पाठलाग करत दूर रानात गेला. भुकेला, तहानलेला राजा शमीक ऋषीला विचारतो, माझं हरीण इकडून गेलेलं पाहिलंत का? ऋषी मौनात. चिडलेला राजा धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्याच्या गळ्यात टाकतो. ऋषिपुत्र शृंगीचा शाप, सातव्या दिवशी तक्षकाचा दंश, आणि पुढे जनमेजयाचं सर्पसत्र, हे सगळं त्या एका सुटलेल्या हरणापासून सुरू होतं. जखमी जनावर सोडून देणं राजाला कमीपणाचं वाटत होतं, आणि त्याच्यामागे दुसऱ्याच्या अंगणात शिरून जाब विचारणं अधर्म ठरलं.

तिसरा प्रसंग कालिदासाचा. मिराशींसह अनेक अभ्यासकांनी कालिदासाचा संबंध वाकाटक दरबाराशी जोडला आहे. प्रवरसेनाच्या नावावर असलेल्या 'सेतुबंध' या प्राकृत काव्याच्या बाबतीतही परंपरा त्याचं नाव घेते. त्याच्या 'शाकुंतला'च्या पहिल्याच अंकात रथातून हरणाचा पाठलाग करणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवतात. हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नकोस, एवढंच ते म्हणतात, आणि चक्रवर्ती राजा चढवलेला बाण उतरवतो. कुणाचाही बाण न लागता, कुणीही न पकडता, केवळ हद्दीत राहतं म्हणून हरणाला संरक्षण मिळण्याचं हे उदाहरण आजच्या अभयारण्याच्या कल्पनेला अगदी जवळचं आहे. कौटिल्याने ही गोष्ट प्रशासनाच्या भाषेत मांडली. अभयवनातल्या प्राण्याला मारणाऱ्याला त्याने जबर दंड सांगितला आणि जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांपैकी सहावा हिस्सा अभयवनात सोडावा, असा नियम घातला.

रोमन कायद्याने मनूच्या नेमका उलटा निकाल दिला. रानातलं जनावर मोकळं असेपर्यंत कुणाचंच नाही आणि पकडणाऱ्याच्या हातात आलं की त्याचं, हे तिथलं सूत्र. मग जखमी जनावराचं काय? ट्रेबेशियस नावाच्या जुन्या कायदेपंडिताचं मत होतं की जखम करणारा पाठलाग करत आहे तोवर जनावर त्याचंच मानावं. इसवी सन 533 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या संहितेने हे मत बाजूला ठेवलं. जखमेनंतरही जनावर निसटण्याच्या शंभर वाटा असतात, म्हणून प्रत्यक्ष पकडल्याशिवाय मालकी नाही, असं तिने ठरवलं.

उत्तर इटलीतल्या लोंबार्ड लोकांनी व्यवहारी मधला मार्ग काढला. 643 सालच्या राजा रोथारीच्या कायद्यात जखमी हरणावर शिकाऱ्याचा हक्क एका दिवसरात्रीपुरता चालायचा. दुसऱ्या कुणाला ते जनावर सापडलं आणि त्याने ते लपवून न ठेवता कळवलं, तर त्याला उजवा पुढचा पाय आणि सात फासळ्या मिळायच्या. कळवणाऱ्याला बक्षीस आणि लपवणाऱ्याला दंड, ही व्यवस्था तेराशे वर्षांपूर्वीची आहे.

अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अजूनही शिकवला जाणारा खटला एका कोल्ह्याचा आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पोस्ट नावाचा माणूस शिकारी कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे धावत होता. त्याच्या डोळ्यांदेखत पिअर्सनने कोल्हा मारला आणि उचलून नेला. 1805 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पिअर्सनच्या बाजूने निकाल दिला. नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही. प्राणघातक जखम करून पाठलाग चालू ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती, अशी फट मात्र निकालात ठेवली. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती लिव्हिंग्स्टन यांचं म्हणणं असं होतं की हा वाद कोर्टात यायलाच नको होता. शिकाऱ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे आपसात मिटवावा.

आपल्याकडे तो तसाच मिटवला जायचा. कोकणातल्या गावपारधीत हाका घालणारे, कुत्री आणणारे आणि मोक्यावर बसणारे बंदूकवाले यांची कामं वाटलेली असायची. ज्याचा बार आधी लागला त्याला जादा वाटा, बाकीच्या सागुतीत हाकेकऱ्यांचे वाटे, ही सर्वसाधारण रीत. गावोगावी बारीकसारीक फरक असायचे, पण एका गोष्टीत फारसा फरक नव्हता. जखमी रानडुक्कर जाळीत शिरलं तर ज्याचा बार त्याने पुढे व्हायचं. जादा वाटा हा त्या धोक्याचा मोबदला होता. मुसलमान शिकारी बरोबर असला तर आणखी घाई असायची. जनावरात जीव आहे तोवर सुरी फिरली तरच ते हलाल, म्हणून लागलेल्या हरणाकडे पहिल्यांदा धावत जायचा तो सुरीवाला.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात तिथे शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरले जायचे. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. या शिकारीत सावज धरणारा प्राणी आणि सावजाचा मालक वेगवेगळे. चित्त्याने काळविटाचा गळा धरला की चित्तेवान धावत जायचा, काळविटाचा गळा चिरून लाकडी पळीतून रक्त चित्त्यापुढे धरायचा आणि चित्ता त्यात गुंतला की डोळ्यांवर टोपी चढवून त्याला शिकारीवरून सोडवायचा. चित्त्याचा वाटा आधी काढल्याशिवाय पुढच्या वेळी तो मन लावून धावणार नाही, हे चित्तेवान जाणून होते.

विदर्भात हरणाशी सगळ्यात जवळचं नातं होतं ते फासेपारध्यांचं. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात पारध्यांच्या शिकारीची वर्णनं आहेत. लांब दोरीला ओळीने फास बांधायचे, ती माळावर खुंट्यांनी ठोकायची आणि हरणांचा कळप अलगद त्या दिशेने वळवायचा. शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ सरकायची विद्याही त्यांच्याकडे होती. या पद्धतीत जखमी हरीण कुणाचं, हा प्रश्न फारसा पडत नाही. पाय फासात अडकला म्हणजे जनावर हातात आलं. याच पारध्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का मात्र राहिला. आता वाशीम-अकोल्याकडच्या माळरानांवर तणमोराच्या संवर्धनात फासेपारध्यांच्याच ज्ञानाचा उपयोग होत आहे. पक्षी कुठे उतरतो, अंडी कुठे घालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मध्य प्रांतातल्या गोऱ्या साहेबांनी आपला वेगळा शिष्टाचार बांधला. त्याचं मुख्य कलम होतं पहिल्या रक्ताचं. ज्याच्या गोळीने जनावराचं रक्त आधी सांडलं, त्याची शिकार. मग जखम ओरखड्याएवढी का असेना आणि प्राण दुसऱ्याच्या गोळीने का गेलेला असेना. मनूचाच नियम, फक्त बाणाच्या जागी रायफल. वाद झाला तर प्रेत चिरून गोळ्या काढायच्या आणि कुणाची कोणत्या मापाची हे पडताळायचं. सागुतीशी साहेबाला विशेष कर्तव्य नसायचं. त्याला हवी असायची शिंगं आणि कातडं. रोलंड वॉर्ड या लंडनच्या कंपनीने 1892 पासून शिंगांच्या लांबीच्या नोंदींची पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि पहिल्या रक्ताच्या वादाला इंचांची धार आली. दुसरं कलम तितकंच कडक होतं. जखमी जनावर, विशेषतः वाघ किंवा बिबट्या, तसाच सोडून तंबूवर परतणारा माणूस शिकारी म्हणून संपायचा. जिम कॉर्बेटच्या पुस्तकांतून हे मराठी वाचकाला चांगलं ठाऊक आहे.

या शिष्टाचारात एक वर्ग कायम गाळला गेला. रक्ताचे थेंब पानापानांवर शोधत पुढे चालणारा गोंड किंवा कोलाम मागेकरी. पहिली गोळी साहेबाची असली तरी हरीण सापडायचं ते याच्या डोळ्यांमुळे. रक्ताचा रंग, त्यातला फेस, वाकलेलं गवत आणि खुराची खोली पाहून गोळी फुप्फुसात लागली की पोटात, हे तो सांगायचा. पोटात लागलेली असली तर लगेच मागे लागायचं नाही, जनावर बसू द्यायचं. घाईने ते उठून मैलभर जातं. मालकीच्या कुठल्याही नियमात त्याचं नाव नव्हतं. त्याला मिळायचं ते बक्षीस, मालकाच्या मर्जीवर.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. 1958 मध्ये कोल्हापूर संस्थानचं जुनं शिकारीचं राखीव रान दाजीपूर हे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे नामवंत शिकारी बंदूक ठेवून जंगल राखायच्या कामाला लागले. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे ते महाराष्ट्रभर पोहोचले.

मग आला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. या कायद्याने शिकार एका झटक्यात बंद केली, असा एक समज आहे. पण मूळ कायद्यात परवाने होते: मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा. त्याबरोबर जुन्या रीतीही कलमांत आल्या होत्या. पिल्लं आणि पिल्लं असलेली मादी मारायची नाही. शिंगांवर अजून लव असलेलं हरीण मारायचं नाही. गाडीतून, रात्री उजेड टाकून, पाणवठ्यावर किंवा खारवटीवर बसून, विष घालून मारायचं नाही. मारलेल्या जनावरांची नोंद ठेवायची. ही परवान्यांची सोय 1991 च्या दुरुस्तीने गेली आणि शिकारीवर सरसकट बंदी आली.

जखमी हरणाच्या प्रश्नाला कायद्याने दोन ठिकाणी उत्तर दिलं आहे. कलम 39 प्रमाणे बेकायदा मारलेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता आहे. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. कलम 11 प्रमाणे माणसाचा जीव वाचवताना मारलेला किंवा जखमी झालेला प्राणीही सरकारचाच. जीव वाचवणाऱ्यावर गुन्हा नाही, पण प्राण्यावर त्याचा हक्क नाही. शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फास लावणं, जखमी करणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न, हे सगळं येतं. थोडक्यात, मनूच्या काळी हक्क सिद्ध करणारी जखम आता गुन्हा सिद्ध करते. हे हरीण माझ्या गोळीने पडलं, असं जो म्हणेल त्याने कबुलीजबाब दिला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांचा कारावास, सात वर्षांपर्यंत. रक्ताच्या थेंबांचा मागही आता उलट दिशेने निघतो, हरणापासून शिकाऱ्याकडे. शिजवलेल्या मांसाच्या तुकड्यावरूनही प्रजाती कोणती ते हैदराबादची सीसीएमबी आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था सांगू शकतात.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखादी प्रजाती ठराविक भागापुरती आणि मुदतीपुरती उपद्रवी जाहीर झाली की तिला कलम 39 चं छत्र राहत नाही. 2015 च्या अखेरीस बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर असे जाहीर झाले आणि 2016 मध्ये मोकाम्याच्या परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेवर रोही मारले. देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही. 2015 मध्ये पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत वनखात्याच्या परवानगीने मारण्याची पद्धत सुटसुटीत केली. मेलेल्या जनावरावर मात्र मारणाऱ्याचा हक्क नाही, त्याची विल्हेवाट वनखात्याच्या देखरेखीखालीच.

वर्धा जिल्ह्यात हा सगळा कायदा वावराच्या धुऱ्यावर येऊन अडखळतो. बोर अभयारण्य 1970 चं. 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडणारा. भोवती कापूस, तूर, सोयाबीन, चणा. रोही आणि रानडुकरांना या पिकांची हद्द कळत नाही. चणा घाट्यावर आला की शेतकरी रात्रभर जागलीला बसतो. त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे: जनावर सरकारचं असेल तर त्याने खाल्लेलं पीकही सरकारने भरून द्यावं. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, फोटो, सातबारा आणि खेटे यांतून जाऊन. मेलेल्या रोह्यावर हक्क सांगायला खातं तासाभरात येतं आणि खाल्लेल्या तुरीचा पंचनामा करायला आठवडा लावतं, ही तक्रार विदर्भात कुठल्याही पारावर ऐकू येईल.

सेवाग्रामातही हा पेच आला होता. 1936 पासून तिथे राहिलेल्या गांधीजींनी 1946 मध्ये 'हरिजन'मध्ये स्पष्ट लिहिलं की पिकं खाऊन माणसाला इजा करणाऱ्या प्राण्यांना न मारण्याचं तत्त्व त्यांना संपूर्णपणे मान्य नाही. अहिंसेच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याने शेतकऱ्याची अडचण बाजूला सारली नव्हती, हे आजच्या चर्चेत फार थोड्यांना आठवतं.

कंटाळलेला शेतकरी कुंपणात वीज सोडतो आणि इथे शिकारीचा सगळा शिष्टाचार संपतो. विजेच्या तारेला नेम नसतो. नर की मादी, हरीण की वाघ, की पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, हे तिला कळत नाही. ब्रह्मपुरीत पकडून 2017 च्या जुलैत बोरमध्ये सोडलेली तरुण वाघीण शेकडो किलोमीटर भटकून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातल्याच एका शेताच्या जिवंत कुंपणाला चिकटून मेली. रानडुकरांसाठी पुरलेल्या गावठी बॉम्बची गोष्टही तीच. पहिल्या रक्ताच्या काळात जखम करणारा पुढे येऊन हक्क सांगायचा. या जखमांना कुणी धनीच नसतो. सकाळी तार गुंडाळून ठेवली की झालं.

आता जखमी हरणं गोळीपेक्षा भलत्याच कारणांनी सापडतात. भटक्या कुत्र्यांची टोळी मागे लागलेलं चितळ गावात शिरतं. रात्री रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसते. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून जायचे मार्ग बांधले आहेत, पण बाकीच्या रस्त्यांवर ती सोय नाही. कधी रानकुत्र्यांनी पाडलेलं हरीण गुराख्यांना आयतं सापडतं; विदर्भाच्या जंगलपट्ट्यात ते उचलून नेण्याची जुनी सवय आहे. कायद्याच्या लेखी तोही मेलेला सापडलेला प्राणीच, म्हणजे सरकारचा. रानकुत्र्यांच्या दृष्टीने विचाराल तर ती सरळसरळ चोरी, आणि मग त्यांना दुसरं हरीण मारावं लागतं.

सापडलेलं हरीण जिवंत असेल तर त्याच्यापुढचा मोठा धोका जमलेली माणसं हा आहे. हरणाचं शरीर भीतीनेच निकामी होतं. पळण्याच्या आणि धरपकडीच्या ताणाने स्नायू झिजतात, रक्तात विषारी द्रव्यं साचतात आणि वरून किरकोळ दिसणारी जखम असलेलं जनावरही काही तासांत किंवा दिवसांत दगावतं. म्हणून जाणते लोक काही साध्या गोष्टी सांगतात. डोळ्यांवर कापड टाकावं. गर्दी हटवावी. चेहऱ्याजवळ मोबाइल नेऊ नये. तोंडात पाणी ओतू नये. पाय करकचून बांधू नयेत. वर्ध्याजवळ पिपरी मेघे इथल्या करुणाश्रमात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. तिथवर जनावर पोहोचतं की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या अर्ध्या तासातल्या वागण्यावर ठरतं.

इतक्या मोठ्या वादाचा निष्कर्ष काढायचा तर असा निघतो. हक्काचा नियम समाजागणिक बदलला: आर्यावर्तात पहिल्या बाणाचा, रोममध्ये पकडणाऱ्या हाताचा, लोंबार्डांकडे एका दिवसरात्रीचा, कोकणात वाट्यांचा, साहेबांकडे पहिल्या रक्ताचा. जबाबदारीचा नियम मात्र जवळपास सगळीकडे टिकला. ज्याने जखम केली त्याने मागावर जायचं आणि जनावराला तडफडत सोडायचं नाही. 1972 च्या कायद्याने हक्क पूर्णपणे शासनाकडे नेला, आणि ते योग्यच झालं. खासगी हक्काच्या शंभर वर्षांत मध्य भारतातल्या माळांवरचे काळविटांचे कळप कुठे गेले ते सर्वांनी पाहिलं आहे. पण हक्काबरोबर जबाबदारीही शासनाकडे गेली, आणि ती अर्धीच पार पडते आहे. पीक खाल्लं तर वेळेत भरपाई, जखमी जनावर कळवलं तर वेळेत गाडी आणि पशुवैद्य, विजेच्या कुंपणाला सौरकुंपणाचा परवडणारा पर्याय. ही तिन्ही कामं धन्याची आहेत. ती होत नाहीत तोवर धुऱ्यावरचा शेतकरी कायद्याला आपला मानणार नाही.

तोवर पवनारकरांनी आणि इतर कुणीही करायचं ते एवढंच: जखमी हरीण दिसलं की त्याच्यापासून दूर थांबावं, कुत्री हाकलावीत आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.